कौलांवरची छत्री

एखाद्या काळाचें खरें स्वरूप जाणावयाचें असेल, तर त्या काळच्या राजवाड्यांपेक्षां सामान्य घरांच्या छपरांकडे पाहावें, असें म्हटल्यास तें सर्वस्वीं चुकीचें ठरणार नाहीं. आपल्या खेड्यांतील छपरांवर पूर्वीं कौलें, पत्रे, वाळत घातलेले पापड आणि पावसाळ्याच्या तोंडीं शाकारणीस चढलेलीं माणसें एवढेंच दिसत असे. गेल्या वीस वर्षांत त्यांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. सुमारें दोन फूट व्यासाची, उथळ ताटासारखी ती वस्तु एका लोखंडी नळीवर बसविलेली असते आणि तिच्यापुढें एका दांड्यावर मुठीएवढें लहानसें यंत्र असतें. शास्त्रज्ञ तिला परावर्तक म्हणतील, दुकानदार डिश म्हणतो. पण लोकांनीं तिला छत्री हें नांव देऊन टाकलें आहे. नांव मोठें गमतीचें आहे. कारण ही छत्री आकाशाकडे तोंड करून उलटी धरलेली असते, आणि ज्या पावसासाठीं खरी छत्री जन्मास आली तोच हिचा शत्रु होय.

या छत्रीच्या योगानें दरमहा एक पैसाही न देतां शंभराहून अधिक वाहिन्या घरांत उतरतात. एकदां छत्री व पेटी विकत घेतली कीं पुढें देणें उरत नाहीं. परंतु जगांत कोणतीही गोष्ट निव्वळ फुकट मिळत नसते. तिचा भार कोणीतरी उचललेला असतो. या छत्रीचा इतिहास म्हणजे एका भाराच्या वांटणीचा इतिहास आहे: आकाशानें किती उचलावें आणि घरानें किती. त्या दृष्टीनेंच तो येथें सांगावयाचा आहे.

या कथेचा आरंभ इ. स. १९४५ मध्यें होतो. त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लंडांतील मासिकांत आर्थर सी. क्लार्क या तरुण लेखकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर एखादी वस्तु फिरत ठेवली, तर तिची प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका परिवलनाइतक्याच वेळांत पुरी होईल. म्हणून जमिनीवरून पाहणारास ती आकाशांत एकाच जागीं खिळल्यासारखी भासेल. आणि अशीं तीन ठाणीं उभारल्यास जवळजवळ सर्व पृथ्वीवर ध्वनि व चित्रें पोंचवितां येतील, असें त्यानें गणितानें दाखविलें. त्या वेळीं मनुष्यानें एकही उपग्रह सोडलेला नव्हता. पुराणांतील ध्रुवास तपश्चर्येनें अढळपद मिळालें. क्लार्कनें तें पद गणितानें मिळवितां येईल असें सांगितलें, इतकेंच. आपल्या छपरांवरील छत्र्या आज ज्या उपग्रहाकडे पाहतात तो पूर्वरेखांश ९३.५ अंशांवर विषुववृत्तावर उभा आहे. मुंबईहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५७ अंश उंचीवर आहे. नागपुराहून किंचित् अधिक दक्षिणेकडे, सुमारें ६० अंशांवर. म्हणूनच महाराष्ट्रांतील कोणत्याही गांवीं गेलें तरी या छत्र्यांचीं तोंडें आग्नेयेकडे वळलेलीं दिसतात.

आतां भाराची गोष्ट. छत्तीस हजार किलोमीटरांचा प्रवास करून येणारी लहर अत्यंत क्षीण झालेली असते. ती वेंचून घ्यावयाची तर दोनच मार्ग: उपग्रहाची शक्ति वाढवा, किंवा जमिनीवरील तबकडी मोठी करा. आरंभींचे उपग्रह दुबळे होते, म्हणून सारा भार जमिनीवर पडला. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ आर्वी येथें १९७१-७२ च्या सुमारास परदेशांशीं उपग्रहाद्वारें दळणवळण करण्यासाठीं जें केंद्र उभें राहिलें, त्याच्या तबकडीचा व्यास जवळजवळ शंभर फूट होता. असली तबकडी राष्ट्रानें उभारावी, घरानें नव्हे. आर्वीच्या शंभर फुटांपासून कौलांवरच्या दोन फुटांपर्यंतचा प्रवास अर्ध्या शतकाहून कमी काळांत झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या लहानशा वस्तूकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते.

हा भार आकाशानें उचलावा आणि खेड्यास हलकें करावें, हा विचार आपल्या देशांत प्रथम आग्रहानें मांडला तो डॉ. विक्रम साराभाई यांनीं. दिल्लींत १९५९ पासून आणि मुंबईंत २ ऑक्टोबर १९७२ पासून दूरदर्शन सुरू झालें; परंतु शहरांतून हळूहळू खेड्यांकडे पाझरत जाणारें दूरदर्शन त्यांना मान्य नव्हतें. जेथें शाळा नाहीं, जेथें चांगला रस्ता नाहीं, तेथेंच तें आधीं पोंचावें असा त्यांचा हेतु होता. त्या हेतूनें १९६९ मध्यें अमेरिकेच्या नासा या संस्थेशीं करार झाला. डिसेंबर १९७१ मध्यें साराभाई निवर्तले. पण त्यांचा संकल्प १ ऑगस्ट १९७५ रोजीं प्रत्यक्षांत आला. एटीएस-६ नांवाचा अमेरिकन उपग्रह एका वर्षापुरता आपणांस मिळाला. त्याच्या अंगावर नऊ मीटर व्यासाची, अंतराळांत उलगडणारी जाळीची तबकडी होती. म्हणूनच खालीं खेड्यांत तीन मीटरांची तबकडी पुरली, आणि तीही कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्यप्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत असे संच बसविण्यांत आले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. सकाळीं शाळेंतील मुलांसाठीं आणि सायंकाळीं शेतकऱ्यांसाठीं, हिंदी, कन्नड, तेलुगू व उडिया या भाषांत मिळून दररोज सुमारें चार तास कार्यक्रम होत. ज्या क्लार्कच्या डोक्यांतून ही कल्पना निघाली, त्याच्या कोलंबो येथील घरींही भारतीय अभियंत्यांनीं एक ग्रहणयंत्र बसवून दिलें, ही कृतज्ञता येथें नमूद करण्याजोगी आहे.

परंतु उपग्रह उसना होता. ३१ जुलै १९७६ रोजीं वर्ष भरलें, उपग्रह परत गेला, आणि अनेक गांवांतील पडदे अंधारले. भार दुसऱ्यानें उचललेला असला म्हणजे तो केव्हां खालीं ठेवावयाचा हेंही तोच ठरवितो, हा या इतिहासांतला पहिला धडा होय.

पुढें आपले स्वतःचे इन्सॅट उपग्रह आले. पहिला १९८२ मध्यें कांहीं महिन्यांतच निकामी झाला. दुसऱ्यानें १९८३ पासून काम चोख केलें. परंतु या काळांत घराघरावर छत्री आली नाहीं. उपग्रहाकडून आलेलें चित्र गांवोगांवच्या लहान प्रक्षेपकांनीं घ्यावयाचें आणि आसमंतांत पसरावयाचें, अशी व्यवस्था झाली. १९८४ मध्यें तर कांहीं महिने जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. ही व्यवस्था सपाट प्रदेशास ठीक होती. परंतु या लहरी सरळ रेषेंत जातात. डोंगर आड आला कीं त्याच्या सावलींत चित्र पोंचत नाहीं. पुण्यास मुंबईचें चित्र दाखवावयाचें तर सिंहगडावर मनोरा उभारावा लागला. सह्याद्रीच्या कुशींतील वाड्यांना असला सिंहगड कोठून मिळणार? ज्या डोंगरांनीं शत्रूस अडविलें त्यांनींच चित्रासही अडविलें. वरून उतरणाऱ्या लहरीस मात्र या अडथळ्याची फारशी पर्वा नसते.

मग १९९१ साल उजाडलें. आखाती युद्धाचीं दृश्यें परदेशी वाहिनीवरून मोठमोठ्या हॉटेलांत दिसूं लागलीं आणि त्याच वर्षीं एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार वाहिन्या सुरू झाल्या. या उपग्रहाचा पूर्वेतिहास कादंबरींत शोभावा असा आहे. १९८४ मध्यें तो वेस्टार-६ या नांवानें सोडण्यांत आला, कक्षेपर्यंत न पोंचतां भरकटला, त्याच वर्षीं अंतराळवीरांनीं त्याला पकडून पृथ्वीवर परत आणलें, आणि १९९० मध्यें चीनच्या अग्निबाणावरून तो पुनः आकाशांत गेला. त्याच्या लहरी सुमारें साडेसात सेंटिमीटर लांबीच्या. त्या पकडण्यास आठ-दहा फुटांची तबकडी लागे. एवढी तबकडी सामान्य गृहस्थास परवडणारी नव्हती. म्हणून गल्लींतील एखादा धाडसी तरुण ती आपल्या गच्चीवर उभारी, आणि तारेनें शेजारच्या शें-दोनशें घरांस चित्र पुरवून महिन्याचे पैसे घेई. केबलवाला हा नवा व्यवसाय असा जन्मास आला. त्यासाठींचा कायदा १९९५ मध्यें मागाहून आला. तार ओढण्यास घरें दाट असावीं लागतात. त्यामुळें चाळींत केबल आली, पण विरळ वाड्यापाड्यांवर आली नाहीं.

अमेरिकेंतील अनुभव येथें ताडून पाहण्यासारखा आहे. तेथें १९७६ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनीं आपल्या घरीं स्वतः तबकडी बांधून उपग्रहावरील वाहिन्या मिळविल्या, आणि त्यांचें पाहून असंख्य शेतकऱ्यांनीं अंगणांत तबकड्या रोंवल्या. परंतु १९८६ च्या आरंभीं एचबीओ या वाहिनीनें आपल्या लहरींस कुलूप घातलें, आणि इतरांनीं तिचें अनुकरण केलें. ज्याचा खर्च कोणी मनापासून पत्करलेला नाहीं असें फुकट फार दिवस टिकत नाहीं, हा दुसरा धडा.

आतां छत्री लहान कशी झाली तें पाहूं. लहर जितकी आखूड तितकी तबकडी लहान चालते. साडेसात सेंटिमीटरांऐवजी अडीच सेंटिमीटरांची लहर वापरली, आणि उपग्रहाचें बळ वाढवून तें एका देशावरच एकवटलें, म्हणजे दोन फुटांची छत्री पुरते. याचें मोल पावसांत द्यावें लागतें; कारण आखूड लहरींस पावसाचे थेंब अधिक शोषतात व विखुरतात. आषाढांतील मुसळधार सरींत कोंकणांतील चित्र थिजतें तें याच कारणानें.

परंतु विज्ञानानें दार उघडलें तरी राज्यकर्त्यांनीं तें लोटून धरलें. सर्वोच्च न्यायालयानें ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यांत, आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला होता. तरीही १९९७ मध्यें या लहान छत्रीच्या थेट प्रसारणास शासनानें बंदी केली. परदेशी वाहिन्या कोणाच्याही चाळणींतून न जातां घरांत शिरतील ही धास्ती होती. २००० च्या अखेरीस ती बंदी उठली, २००१ मध्यें नियम झाले, २००३ मध्यें खासगी सेवा सुरू झाली. आणि १६ डिसेंबर २००४ रोजीं शासनाच्याच प्रसारभारतीनें डी. डी. डायरेक्ट प्लस ही विनाशुल्क सेवा चालू केली. सात वर्षांपूर्वीं जी वस्तु निषिद्ध होती तीच राज्यसंस्थेनें लोकांच्या छपरावर नेऊन ठेवावी, यांत विसंगति दिसेल. पण यांत शहाणपणही आहे. जेथें प्रक्षेपक पोंचला नाहीं तेथें दूरदर्शन पोंचविण्याचा याहून स्वस्त उपाय नव्हता. २०१४ मध्यें या सेवेस डी. डी. फ्री डिश हें नांव मिळालें. पुढें ती नोव्हेंबर २०१५ मध्यें सोडलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावर गेली. आणि आज ती चार कोटींहून अधिक घरांत आहे असा या व्यवसायांतील जाणत्यांचा अंदाज आहे. जमिनीवरचे जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतेक बंद करण्यांत आले. म्हणजे खेड्यांतील गरिबास आतां विनाशुल्क दूरदर्शनाचा हाच एक मुख्य मार्ग उरला आहे.

तर मग भार कोण उचलतो? उपग्रहाचा भार राष्ट्र उचलतें. वाहिन्यांचा भार उचलण्यासाठीं २०११ पासून प्रसारभारती आपल्या उपग्रहावरील जागांचा लिलाव करते. खासगी वाहिन्या एकेका जागेसाठीं कोट्यवधि रुपये मोजतात, आणि तो पैसा जाहिरातींतून वसूल करतात. शेवटीं साबणाच्या वडींत आणि बिस्किटाच्या पुड्यांत तो तुमच्या आमच्याकडूनच येतो. यांत लबाडी कांहीं नाहीं. परंतु जो भार उचलतो तो वाटही ठरवितो. १ मार्च २०१९ पासून मोठ्या समूहांनीं आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या या सेवेवरून काढून घेतल्या. २०२० मध्यें त्या परतल्या. एप्रिल २०२२ पासून पुनः गेल्या. प्रेक्षकाचें मत या तिन्ही वेळां कोणी विचारलें नाहीं. १९७६ मध्यें जी गोष्ट परक्या उपग्रहाच्या बाबतींत घडली, तीच येथें लहान प्रमाणावर घडली.

यावर कोणी म्हणेल कीं, लोकांना चित्रपट हवे आहेत, ते त्यांना मिळतात. साराभाईंचा शेतीचा पाठ त्यांच्यावर कां लादावा? आक्षेप रास्त आहे. दिवसभर राबलेल्या माणसास सायंकाळीं चार घटका करमणूक मिळूं नये असें म्हणणें हें सुखवस्तु माणसाचें तत्त्वज्ञान होय. पण प्रश्न करमणूक कीं शिक्षण असा नाहींच. त्याच जीसॅट-१५ वरून २०१७ पासून स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्याही प्रसारित होऊं लागल्या. त्याच छत्रीनें त्या घेतां येतात. छत्री दोहोंत भेद करीत नाहीं. भेद होतो तो त्या कार्यक्रमांच्या मागें किती पैसा, किती कल्पकता आणि किती आस्था उभी केली जाते यांत. लिलावांत हिंदी करमणुकीची बोली सर्वांत चढी असते. मराठींत, अहिराणींत किंवा गोंडींत एखाद्या पाड्यावरील मुलास भूगोल समजावून सांगण्यासाठीं बोली बोलण्यास कोण येणार?

तें काम भाडेकरूचें नव्हे, घरमालकाचें आहे. आणि लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत असा न्यायालयाचा निर्णय असल्यामुळें घरमालक आपणच आहों. लिलावाच्या उत्पन्नांतील एक निश्चित वांटा प्रादेशिक भाषांतील चांगल्या कार्यक्रमांवर खर्च व्हावा आणि त्यांच्या जागा चढउताराच्या बाहेर ठेवाव्या, ही मागणी अवास्तव म्हणतां येणार नाहीं. आकाशानें आपला वांटा उचलला आहे. घरानें छत्री विकत घेऊन आपला उचलला आहे. मधला वांटा अद्याप पुरतेपणीं कोणी खांद्यावर घेतलेला नाहीं. तो कोणाचा आहे हें सुशिक्षित मध्यम वर्गानें, ज्याच्या स्वतःच्या घरीं आतां बहुधा ही छत्री नसते, विसरूं नये.