औंधचे सूर्यनमस्कार आणि घरातला उन्हाळा

रथसप्तमी झाली की ऊन चढू लागते आणि वैशाखात शाळांना सुटी लागून घर माणसांनी भरून जाते. माहेरवाशिणी, नातवंडे, आजी-आजोबा सारे एका छपराखाली येतात. बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि दिवस पन्हे पिण्यात नि लोळण्यात जातो. अशा दिवसांत सगळ्या घराने शरीर हलते कसे ठेवावे, हा प्रश्न जुनाच आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात ग्रीष्मचर्या सांगताना व्यायाम आणि ऊन ही दोन्ही टाळावीत, असेच म्हटले आहे. बलवान माणसानेही अर्ध्या शक्तीपर्यंतचा व्यायाम थंडीत आणि वसंतात करावा, एरवी तो हलकाच ठेवावा, असा त्याचा दंडक. आखाड्यातील तालीम या दंडकात बसणे कठीण. शिवाय आखाडा हे पुरुषांचे क्षेत्र. तेथल्या तांबड्या मातीत घरच्या सुनेला किंवा सत्तरीच्या आजोबांना जागा कोठून असणार? व्यायाम आखाड्यातून उचलून माजघरात आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, त्यांत औंधच्या राजांचे नाव वरचे आहे.

औंध हे संस्थान लहान. सातारा, आटपाडी आणि थेट विजापुराकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ साली तेथे गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार आणि यमाईचे भक्त अशी त्यांची ख्याती. बेळगावातून उठलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली ती यांनीच. तरुणपणी मात्र या राजाला वेड होते सॅन्डोच्या व्यायामाचे. विलायती साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्यांनी ती पद्धत नेमाने चालवली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग अखेरपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.

या बदलातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. सॅन्डोची साधने एका वेळी एकाच्याच हाती असत. नमस्काराला लागते ती आपल्या अंगाएवढी जमीन, फार तर एक सतरंजी. म्हणून राजा, राणी आणि मुले एकाच पहाटे तो घालू शकत. औंधच्या वाड्यात तसे घडतही असे. राजपुत्र अप्पा पंत हे याच शिस्तीत वाढले. पुढे भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी वावरल्यावरही त्यांनी १९७० साली सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. वडिलांचे इंग्रजी पुस्तक १९२८ चे. १९३८ साली लुईज मॉर्गन या लेखिकेच्या साहाय्याने त्याची विलायती वाचकांसाठी आवृत्ती निघाली.

याच औंधात १९१८ पासून सावंतवाडीजवळच्या कोलगावचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहत होते. हैदराबादेत चित्रकार म्हणून नाव कमावलेला हा वेदज्ञ. त्यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदसंहितांबरोबर आसने आणि व्यायाम यांवरील पुस्तकेही काढली. स्वतः सातवळेकर १९६८ साली वारले तेव्हा त्यांच्या वयाची शंभर वर्षे पुरी झाली होती!

नमस्कार प्राचीन म्हणावा काय? सूर्योपासना व दंडवत प्राचीन आहेत, यात संशय नाही. परंतु आज आपण घालतो तो मोजून दहा-बारा अवस्थांचा नमस्कार हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत सापडत नाही. उलट हठप्रदीपिकेचा एकोणिसाव्या शतकातील टीकाकार ब्रह्मानंद, साधकाने टाळावयाच्या कायाक्लेशांत फार सूर्यनमस्कार घालण्याचा उल्लेख करतो. श्रद्धावंतांनी यामुळे खट्टू होऊ नये. टीकाकाराचा आक्षेप ‘फार’ या शब्दावर आहे. आणि वाग्भटाचा ग्रीष्मातील इशारा त्याच्याशी नेमका जुळतो.

राजेसाहेबांची चूक झाली असेल तर ती येथेच. प्रौढाने नमस्कार शेकड्यांत मोजावे, अशी त्यांची अपेक्षा असे. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. मित्राय, रवये, सूर्याय अशा बारा नामांआधी येणाऱ्या बीजाक्षरांच्या मोठ्याने उच्चाराने शरीरातील निरनिराळी इंद्रिये सुदृढ होतात, असेही ते मानीत. हा कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. उच्चाराने श्वासाला लय मिळते, एवढे मात्र कोणीही अनुभवावे. गमतीची गोष्ट अशी की, व्यायामाची सक्ती करणाऱ्या याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

सक्ती गेली आणि घरातील नमस्कार उरले. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, बेळगावकडील एका खेड्यात, मे महिन्यात ते तांबडे फुटण्याआधी पडवीत घातले जात. शेण-सारवणाची जमीन त्या वेळी गार असे. आजोबा बाराच घालीत आणि प्रत्येकानंतर थांबत, मावश्या चोवीस, आम्हा पोरांची चढाओढ लागली की आजी ओरडून आम्हांस थांबवी नि माठातले पाणी पुढे करी. मोजणीसाठी पडवीच्या कठड्यावर चिंचोके मांडलेले असत. ऊन अंगणात उतरण्याआधी ते गोळा करून पुन्हा डब्यात भरण्याचे काम सर्वांत धाकट्याकडे असे.