ध्रुवीय प्रकाश आणि कुलाब्याची नोंदवही

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर पसरलेला लाल प्रकाश टिपला. दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रे मोबाईलवरून घरोघर पोचली आणि आमच्या विजय नगरात, तसेच ऑफिसच्या कँटीनमध्ये, सगळ्यांचा एकच प्रश्न सुरू झाला : हा ध्रुवीय प्रकाश आपल्या जबलपूरहून कधी दिसेल का? मी डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल विभागात लागलेला माणूस, खगोलशास्त्री नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला तो तारयंत्राचा, रुळांचा आणि काही मराठी माणसांचाही निघाला. म्हणून स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो ठेवीत आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. जबलपूरहून ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता फारच थोडी आहे, पण शून्य नाही. कारण आपल्यापेक्षाही दक्षिणेला असलेल्या मुंबईच्या आकाशात तो एकदा दिसल्याची नोंद आहे. तारीख रविवार, ४ फेब्रुवारी १८७२.

प्रथम हा प्रकाश म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सूर्यावर मोठा स्फोट झाला की विद्युतभारित कणांचा प्रचंड लोट अवकाशात फेकला जातो. तो पृथ्वीवर येऊन थडकला की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघते. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. या वादळात वेग घेतलेले कण चुंबकीय रेषांवरून खाली उतरतात, विरळ हवेतील अणूंवर आदळतात आणि ते अणू प्रकाश देतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो, तर २०० किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन लाल. हे सगळे एरवी दोन्ही ध्रुवांभोवतीच्या कड्यांत घडते. वादळ जितके मोठे, तितके ते कडे विषुववृत्ताकडे सरकते.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे कडे पृथ्वीच्या नकाशावरील ध्रुवाभोवती नसून चुंबकीय ध्रुवाभोवती असते, आणि तो ध्रुव कॅनडाच्या बाजूला कललेला आहे. मुंबई आणि मेक्सिको सिटी ही शहरे नकाशात एकाच ओळीत, सुमारे १९ अंशांवर आहेत. पण चुंबकीय अक्षांश पाहिले तर मेक्सिको सिटी सुमारे २८ अंशांवर येते आणि मुंबई जेमतेम ११ वर. आपले जबलपूर नकाशात २३ अंशांवर, पण चुंबकीय हिशोबाने सुमारे १५ वर. मे २०२४ मध्ये उत्तर मेक्सिकोतल्या लोकांना जे दिसले ते मध्य भारतात दिसले नाही, त्याचे कारण हेच. आपण पृथ्वीच्या चुकीच्या बाजूला राहतो, असे म्हणा ना!

तरीही आशा राहते ती उंचीमुळे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचा लाल प्रकाश, पृथ्वीचा गोलावा धरूनही, सुमारे २,२०० किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. अक्षांशात मोजले तर हे वीस अंश होतात. म्हणजे हानलेला जो दिसला तो हानलेच्या डोक्यावर नव्हता, पार उत्तरेला मध्य आशियाच्या आकाशात होता. जबलपूरहून तो दिसायचा तर त्या प्रकाशाला आणखी दहा अंश, म्हणजे सुमारे १,१०० किलोमीटर, दक्षिणेला यावे लागेल. असे खरोखर घडू शकते काय? याचे उत्तर कुलाब्याच्या नोंदवहीत आहे.

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. दोऱ्याने टांगलेला चुंबक किती फिरला हे ठरावीक वेळी मोजपट्टीवर पाहायचे आणि वहीत लिहायचे, असे ते काम. वाचायला सोपे वाटते, पण दिवसरात्र, बारा महिने ते करीत राहणे काय असते हे शिफ्टमध्ये लॉगबुक भरणाऱ्या आपल्या रेल्वेच्या माणसांना सांगायला नको. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, कोवळ्या वयातच तेथे नोकरीला लागले आणि वेध घेण्याचे काम शिकले. पुढे ते पुण्यास प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकविणारे केरूनाना ते हेच. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हा धागा सांगितल्यावाचून राहवत नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असताना त्यांना डागांच्या समूहात एकाएकी झगझगीत प्रकाश दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर इतिहासातले सर्वात गाजलेले चुंबकीय वादळ आले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि केवळ तारेत आपोआप वाहणाऱ्या प्रवाहावर सुमारे दोन तास संदेश पाठविले. कुलाब्यात त्या वेळी सहायक नेहमीप्रमाणे चुंबकाची नोंद घेत होते. गडबड दिसताच त्यांनी तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने आकडे लिहिण्यास सुरुवात केली. २ सप्टेंबरला दुपारच्या सुमारास पृथ्वीचे आडवे चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेले. मुंबईच्या एकूण आडव्या बलाच्या हे चार टक्क्यांच्या आसपास आहे. युरोपातल्या काही वेधशाळांत तर रेघ कागदाबाहेरच गेली होती. कुलाब्याची मात्र पूर्ण राहिली.

पण पाहा, वादळाचा हा सर्वात मोठा झटका मुंबईत भर दिवसा आला, आणि तोही पावसाळ्यात. वादळ केवढेही मोठे असो, सूर्य डोक्यावर असताना आणि ढग असताना आकाशात काय दिसणार?

तेरा वर्षांनी मात्र वेळ जुळून आली. ४ फेब्रुवारी १८७२ ला वादळ आले ते मुंबईच्या संध्याकाळी, हिवाळ्याच्या कोरड्या आकाशात. दोन दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियाने बातमी दिली की रविवारी सूर्यास्तानंतर मुंबईत ध्रुवीय प्रकाश स्पष्ट दिसला आणि त्याचा परिणाम समुद्रातील तारेवर व सरकारी तारमार्गांवर जाणवला. चुंबकीय विषुववृत्ताच्या इतक्या जवळून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची ही जगातील अत्यंत दुर्मिळ नोंद समजली जाते. साक्षीदार एक वर्तमानपत्रच असले तरी पुष्टी भक्कम आहे. कुलाब्याच्या चुंबकाने त्या रात्री मोठे वादळ नोंदविले, आणि त्याच रात्री सुदानमधील खार्टूमहूनही प्रकाश दिसला.

ती तार किती नवी होती हेही ध्यानात घ्या. मुंबई ते एडन आणि सुएझ ही समुद्री तार १८७० सालची. त्याच वर्षी ७ मार्चला आपल्या जबलपुरात जी. आय. पी. आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जोडल्या गेल्या आणि मुंबई–कलकत्ता सलग मार्ग खुला झाला. देशाला जोडणारे लोखंड आणि तांबे नुकतेच अंथरले होते, तोच सूर्याने त्याची परीक्षा घेतली.

ही परीक्षा संपलेली नाही. जुलै १९८२ मध्ये दक्षिण स्वीडनमध्ये चुंबकीय वादळामुळे गाडी नसताना रेल्वेचे सिग्नल लाल झाले. आपल्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून सतत छोटा प्रवाह वाहतो आणि तो रिलेला उचलून धरतो. गाडीच्या चाकांनी तो तोडला की रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. वादळाने रुळांत उलटा प्रवाह घातला तरी रिले पडतो. सुदैवाने तेथे बिघाड सुरक्षित बाजूने झाला. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात अशाच वादळाने सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली. आपण विषुववृत्ताजवळ असल्याने असा धोका आपल्याकडे कमी आहे, पण उपग्रहांवर अवलंबून असलेली उपकरणे आता आपल्याकडेही आहेत. धुक्यात लोको पायलटला पुढील सिग्नलची सूचना देणारे यंत्र हे त्यातलेच.

गंमत अशी की कुलाब्यातील चुंबकीय वेध थांबले ते विजेवरच्या ट्रॅममुळे. मुंबईची घोड्यांची ट्रॅम विजेवर जाणार असे ठरल्यावर तिच्या प्रवाहाने चुंबक बिघडणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. पोरबंदरचा दगड निवडून घेतला, लोखंडाऐवजी पितळ आणि तांबे वापरले. १९०४ मध्ये तेथे काम सुरू झाले. दोन्हीकडच्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी मोजमापे चालली. बदल करताना जुने आणि नवे काही काळ सोबत चालवावे, हा धडा कोणत्याही इंजिनिअरने घ्यावा असा आहे. केरूनानांच्या नागावजवळची ती वेधशाळा आजही चालू आहे.

२००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना, शोभना अलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदींवरून त्या वादळाचा जोर काढला. त्या आकड्यावर अजूनही चर्चा चालते, पण चर्चा करायला आकडा आहे हेच महत्त्वाचे. दिव्याच्या उजेडात वही भरणाऱ्या त्या सहायकांना १४४ वर्षांनी कोणी ते वाचील याची कल्पनाही नसेल. २ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे त्याच तारखेला, आपले आदित्य-एल१ यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले.

आता आपला घरगुती हिशोब. १८५९, १८७२ आणि १९२१ अशी तीन प्रचंड वादळे गेल्या सुमारे १६५ वर्षांत झाली, म्हणजे साधारण अर्ध्या शतकाला एक. १९२१ मध्ये तर सामोआ बेटातील आपिया येथून दक्षिणेचा ध्रुवीय प्रकाश दिसला होता, आणि आपियाचा चुंबकीय अक्षांश जवळपास जबलपूरइतकाच, फक्त दक्षिण बाजूचा. पण वादळाचा भर रात्री हवा, म्हणून शक्यता अर्धी. पावसाळ्याचे चार महिने सोडा, म्हणजे उरली एक तृतीयांश. दीडशे वर्षांत एखादी संधी, असे धरून चाला. त्यातही शहराचे दिवे आडवे येणार. कटंगी रस्त्याने शहर मागे टाकून, उत्तर क्षितिज उघडे असेल अशा जागीच काही दिसेल, आणि ते हिरवे पडदे नसतील. दिसला तर नुसता मंद लालसर उजाळा असेल.

सूर्याचा जोर साधारण ११ वर्षांनी वाढतो. २०२४ च्या सुमारास एक भर येऊन गेला, पुढचा २०३५ च्या आसपास अपेक्षित आहे. मोठी वादळे मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे अधिक येतात. त्यात मार्च आपल्या सोयीचा, आकाश मोकळे असते. तेव्हा मोठ्या वादळाची बातमी आली आणि उत्तरेला तांबूस दिसले, तर आधी वणवा किंवा गावाचे दिवे नाहीत ना याची खात्री करा. मग फोटो पाठविण्यापूर्वी तारीख, वेळ, दिशा आणि काय दिसले ते साध्या शब्दांत कागदावर लिहून ठेवा. मुलांनाही लिहायला लावा. मुंबईचा तो रविवार आज आपल्याला ठाऊक आहे, तो कोणीतरी लिहून ठेवला म्हणूनच.