सटवाईचे फासे

जगाला एखादा नवा खेळ देणारी नगरे फार थोडी. जबलपूर त्यांपैकी एक आहे, ही गोष्ट खुद्द जबलपूरकरांच्याही फारशी ध्यानात नसते. १८७५ साली येथील लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या मेजावरील एका जुन्या खेळात आणखी काही रंगीत चेंडू मिसळले आणि त्यातून स्नूकर जन्मास आला. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे.) त्या खेळात प्रत्येक चेंडूचे मोल ठरलेले आहे: तांबड्याला एक गुण, काळ्याला सात. खेळणाऱ्याचे मोल मात्र कोणी ठरवीत नाही; काठी हातात घेऊन तो जे करून दाखवील ते त्याचे. आज आम्हांला ज्या खेळाविषयी लिहावयाचे आहे, त्यात नेमके उलट घडते. तेथे पहिली चाल होण्यापूर्वीच खेळणाऱ्याच्या पात्राचे मोल ठरते, आणि ते कोणी व कसे ठरवावे याचा वाद पन्नास वर्षे चालू आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. दोघेही लुटुपुटीच्या लढाया मेजावर खेळण्याच्या नादातले. या खेळात एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका वीराची भूमिका घेतात, आणि सारा खेळ मुख्यतः बोलण्यातून चालतो. प्रत्येक वीराच्या अंगी सहा गुण: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि मोहिनी. दर गुणासाठी तीन फासे टाकावयाचे. बेरीज तीनपासून अठरापर्यंत काहीही येईल. मौज अशी की, मूळ पुस्तिकेत हे फासे खेळणाऱ्याने टाकावयाचे नव्हते, सूत्रधाराने टाकावयाचे होते. पडलेले आकडे पाहून मग खेळणाऱ्याने आपला पेशा निवडावा.

मराठी वाचकास येथे सटवाईची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बाळंतिणीच्या खोलीत पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवावी, रात्री सटवाईने येऊन बाळाचे प्राक्तन लिहून जावे, ही आपली जुनी समजूत. ‘पाचवीला पुजलेले’ हा वाक्प्रचार त्याच घरातला. वस्तुतः फासे आपल्याला नवे नाहीत. तथापि सोंगट्यांच्या पटावर दान ठरवीत असे ती चाल. सोंगट्या साऱ्या सारख्याच. द्यूतात युधिष्ठिराने राज्य घालविले, भाऊ घालविले, पण भीमाचे बळ काही फाशांनी दिलेले नव्हते. चालीऐवजी चालणाराच फाशांनी घडवावा, ही कल्पना आमच्या मते या खेळातील खरी नवलाई होय.

तीन फासे दोनशे सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी चोपन्न प्रकारांत बेरीज दहा किंवा अकरा येते. अठरा मात्र एकाच प्रकाराने. म्हणजे बहुतेक माणसे मध्यम निपजतात, भीम क्वचित आणि दुर्बळही क्वचित. जगाचा अनुभव याहून फार वेगळा नाही. आरंभी या आकड्यांचा खेळावर परिणामही बेताचा असे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने बळाला लढाईत भाव दिला, आणि आकड्यांची हाव सुरू झाली. ‘पॅलाडिन’ म्हणजे धर्मवीर व्हावयाचे तर मोहिनी निदान सतरा हवी. ती चोपन्नांत एकदा पडते. १९७८ च्या पुस्तकात तर जगावयाचे असेल तर निदान दोन गुण पंधरा वा त्याहून वरचे असावेत, असे सुचविले गेले. पुढच्याच वर्षी गायगॅक्सने चार नव्या रीती सांगितल्या. त्यांतील पहिली सर्वांत लोकप्रिय ठरली: तीनऐवजी चार फासे टाकावेत, सर्वांत लहान आकडा सोडून द्यावा, आणि आलेल्या सहा बेरजा मनास येतील त्या गुणांस द्याव्यात. सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या घरात गेली. ही रीत आम्हांला थोडी लबाड वाटते. सटवाईला पूजेस बोलवावयाचे आणि तिची लेखणी आपणच हाती धरावयाची, असा तो प्रकार आहे.

दुसरा पंथ फासेच नको म्हणणारांचा. स्टीव्ह जॅक्सनच्या १९७७ च्या ‘मेले’ या छोट्या खेळात बळ आणि चपळाई या दोहोंत मिळून प्रत्येकास चोवीसच गुण. वाटणी ज्याची त्याने करावी. १९८१ चा ‘चॅम्पियन्स’ आणि १९८६ चा ‘गर्प्स’ यांनी याच बीजाचा वृक्ष केला. ‘चॅम्पियन्स’मध्ये आपल्या पात्राला एखादे व्यंग किंवा एखादा वैरी पत्करावा आणि त्याच्या बदल्यात अधिक गुण घ्यावेत, अशी देवघेवही आहे.

कांचघरात आमच्या घरी रविवारी दुपारी घरातली आणि शेजारची मुले हा खेळ मांडतात; तेव्हा या वादाची दोन्ही अंगे आम्ही पाहिली आहेत. पुतण्याला बळाचे दान पाच पडले. तो रडकुंडीस येऊन आम्हांला म्हणाला, “काका, ताईला सांगा ना, एकदाच पुन्हा टाकू दे.” सूत्रधार झालेली त्याची थोरली बहीण म्हणाली, “पडलं ते पडलं.” त्याचा तो किडकिडीत पंडित पुढे तीन महिने जगला, दार ढकलावयाचे झाले की इतरांना हाक मारी आणि तेवढ्यात दारावरची अक्षरे वाचून टाकी. त्या वीराच्या गोष्टी मुले अजून सांगतात. परंतु त्याच मेजावर शेजारच्या एका मुलीला सहाही दाने दहाच्या खाली पडली आणि तिच्या सख्ख्या भावाला तीन दाने पंधराच्या वर. ती दोन रविवार आलीच नाही. ज्या समाजात जन्मानेच माणसाचे पान वाढले गेले, त्या समाजातल्या मुलीला खेळातही तेच भोगावयास सांगण्याचा अधिकार कोणाला? एका दुबळ्या गुणातून गोष्ट निघते. सहाही गुण दुबळे असले तर बहुधा नुसता अन्याय निघतो. म्हणून फासे ठेवावेत, पण साऱ्या मेजासाठी सहा बेरजा एकदाच पाडून त्या सर्वांनी समान वाटून घ्याव्यात, अशी तोड आम्ही सुचविली. मुलांनी ती तूर्त मान्य केली आहे. पुतण्याची कुरकुर चालूच आहे.

मूळ खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत तिन्ही वाटा शेजारी शेजारी आल्या. चार फासे टाका. अथवा सत्तावीस गुणांची पुंजी खर्चा. अथवा पंधरा, चौदा, तेरा, बारा, दहा आणि आठ हे आयते आकडे घ्या. या आयत्या आकड्यांची बेरीज बहात्तर होते, तर चार फाशांच्या रीतीने सरासरी साडेत्र्याहत्तर पडते; निश्चिती हवी असणाराने दीड गुण सोडावा, असा तो हिशेब आहे. या खेळाच्या सार्वजनिक सत्रांत मात्र फाशांना मज्जाव झाला. घरी बसून पडलेल्या दानाला साक्षीदार कोण, हा प्रश्न तेथे सुटण्यासारखा नव्हता.