विजेचें वेटोळें आणि सोलापूरच्या तारा

यंत्रशास्त्राच्या इतिहासांत कांहीं साधनें अशीं आहेत कीं, त्यांचा जन्म प्रयोगशाळेंत झाला, बाळपण हौशी लोकांच्या घरांत गेलें आणि प्रौढपणीं त्यांनीं सबंध राष्ट्राचा भार उचलला. तांब्याच्या तारेचें वेटोळें हें त्यांपैकीं एक होय. आज कित्येक तरुण 'टेस्ला कॉइल' या नांवानें हेंच वेटोळें घरीं गुंडाळतात आणि हातभर लांबीच्या जांभळ्या ठिणग्या काढून दाखवितात. या छंदाकडे पाहणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हा मरणाशीं खेळ आहे, तो बंद करा. दुसरा म्हणतो, मुलगा शास्त्रज्ञ होणार, त्याला मोकळें सोडा. हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत असें आम्हांस वाटतें. तें कां, हें या वेटोळ्याच्या इतिहासावरून व सोलापूरच्या उदाहरणावरून दाखविण्याचा आमचा विचार आहे.

१८३१ सालीं फॅरडेनें प्रवर्तनाचा नियम शोधला. त्यानंतर पांच वर्षांनीं आयर्लंडांतील मेनूथ येथील धर्मविद्यालयांत शिकविणारे पाद्री निकोलस कॅलन यांनीं लोखंडाच्या गाभ्यावर जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिले. जाड तारेंतील बॅटरीचा प्रवाह एकदम तोडला कीं बारीक तारेच्या टोकांस जबरदस्त दाब उत्पन्न होई. तो दाब मोजण्याचें सोयीचें साधन त्या काळीं नव्हतें. मनुष्याचें अंग हेंच मापनयंत्र! कॅलन आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं टोकें देऊन धक्क्याचा जोर अजमावीत. त्यांपैकीं एक विद्यार्थी, जो पुढें डब्लिनचा मुख्य धर्माधिकारी झाला, बेशुद्ध पडला असें सांगतात. विद्युत्सुरक्षेचा इतिहास हा असा वेटोळ्याच्या जन्माबरोबरच सुरू होतो.

पुढें पॅरिसच्या रूमकॉर्फ या कारागिरानें १८५१ च्या सुमारास या यंत्रास परिपूर्ण रूप दिलें. त्याचें खरें कौशल्य तार गुंडाळण्यांत नव्हतें, तर एका थरांतून दुसऱ्या थरांत ठिणगी फुटूं न देण्यांत होतें. १८६४ सालीं फ्रान्सच्या बादशहानें त्याला ५०,००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें. इंग्लंडांत स्पॉटिसवुड यांच्यासाठीं १८७७ च्या सुमारास बनलेल्या वेटोळ्यांत २८० मैल तार होती आणि तें ४२ इंचांची ठिणगी टाकीत असे. हर्ट्‌झच्या विद्युल्लहरी, राँटजेनचे क्षकिरण आणि १८९५ मधील जगदीशचंद्र बोस यांचे कलकत्त्याचे प्रयोग, या सर्वांमागें हेंच वेटोळें उभें होतें. परंतु त्याच वेळीं एक नवा धोकाही प्रकट झाला. विजेचा धक्का तत्काळ कळतो. क्षकिरणांची इजा कळत नाहीं. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली या किरणांनीं झालेल्या व्याधीनें १९०४ सालीं मरण पावला.

१८९१ सालीं निकोला टेस्लानें वेटोळ्यांतून लोखंडी गाभा काढून टाकला. झोपाळ्यास योग्य वेळीं हलका धक्का देत राहिलें असतां तो उंच जातो, त्याप्रमाणें दोन वेटोळीं एकाच तालावर जुळवून त्यानें सेकंदास हजारों आंदोलनें घडविलीं. अशा शीघ्र प्रवाहानें स्नायूंस झटका बसत नाहीं, म्हणून टेस्ला तो प्रेक्षकांसमक्ष स्वतःच्या अंगावर घेई. येथेंच आजच्या हौशी मुलांची फसगत होते. झटका न बसला तरी हा प्रवाह अंग भाजतो, ही एक गोष्ट. दुसरी याहून गंभीर. वरच्या टोकाशीं ठिणग्यांचा देखावा चाललेला असतो, पण मृत्यु बहुधा खालच्या पेटींत, वेटोळ्यास प्रवाह पुरविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांत व विद्युत्संचयकांत, दबा धरून असतो.

'जितका दाब मोठा तितकें मरण जवळ' हा लौकिक समज अर्धाच खरा आहे. हिवाळ्यांत लोकरीचा सदरा काढतांना फुटणाऱ्या ठिणगीचा दाब हजारों व्होल्टांचा असतो. तिनें कोणी मरत नाहीं, कारण तिच्यामागें साठा नसतो. याउलट सुमारें १० मिलिअँपिअर प्रवाहानें मूठ आवळते व तार सोडतां येत नाहीं. याच्या कांहीं पट प्रवाह छातींतून क्षणभर वाहिला तरी हृदयाचा ताल बिघडूं शकतो. मायक्रोवेव्ह भट्टींतून काढलेला ट्रान्सफॉर्मर सुमारें २,००० व्होल्टांवर याच्या कित्येक पट प्रवाह देतो. त्यानें लांकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादांत परदेशीं अनेकांनीं प्राण गमावले आहेत. घरांतील ३० मिलिअँपिअरचें गळतीरोधक बटणही येथें कामास येत नाहीं. कारण ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूचा प्रवाह त्याच बाजूस परत फिरतो व बटणास गळती दिसतच नाहीं.

आतां सोलापूरकडे वळूं. १८७७ सालीं येथें वाफेवर चालणारी कापडगिरणी सुरू झाली. आज चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग गल्लोगल्लीं विजेवर चालतात. त्यांस लागणारा दाब ४०० व्होल्टांच्या आसपास, म्हणजे छंदिष्टाच्या वेटोळ्यापुढें नगण्य. पण त्याच्यामागें सबंध वीजजाळें उभें असतें, म्हणून उघडी पडलेली तार कामगाराचा प्राण घेते. याच सोलापुरास देशाच्या विजेच्या इतिहासांत मानाचें स्थान आहे. दक्षिणेचें वीजजाळें उर्वरित देशाच्या तालाशीं जुळलेलें नव्हतें; देवाणघेवाण चाले ती चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावतीसारख्या ठिकाणीं प्रवाहाचें रूप पालटून. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वाहिनी कार्यान्वित झाली आणि सारा देश सेकंदास ५० आंदोलनांच्या एकाच तालावर आला. कॅलनच्या दोन तारांचें तत्त्व व जुळलेल्या तालाचा नियम हे दोन्ही येथें राष्ट्राच्या प्रमाणावर राबत आहेत. या वाहिनीची तार शिवण्याचीही गरज नाहीं. अंतर पुरेसें न राहिलें तर वीज हवेंतून झेप घेते.

यास्तव मुलाच्या हातून वेटोळें हिसकावून घेणें आम्हांस पसंत नाहीं. ज्या शहरांत घरोघरीं मोटारी व माग चालतात, तेथें विजेचें अज्ञान हाच सर्वांत मोठा धोका होय. प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेंत बॅटरीवर चालणारें एक लहान वेटोळें असावें आणि तें शिक्षकानें हाताळून दाखवावें. भट्टींतील ट्रान्सफॉर्मरास मात्र घरीं हातच लावूं नये. एकट्यानें प्रयोग करूं नये. दुसऱ्या माणसास मुख्य बटण कोठें आहे हें ठाऊक असावें. प्रवाह बंद केल्यावरही संचयकांत वीज उरते, म्हणून रोधक दांड्यानें ती जमिनींत उतरविल्यावांचून पेटी उघडूं नये. हे नियम ज्याच्या अंगवळणीं पडले, तो पुढें मागावर बसो कीं ७६५ किलोव्होल्टांच्या केंद्रांत काम करो, स्वतःस व सोबत्यांस जपेल.