गोळी-ओतकाम (जर्मनी)

ठासणीच्या बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओतण्याची जुनी कारागिरी. शिसे सुमारे ३२७° से. तापमानाला वितळते, त्यामुळे साधा विस्तव, पळी आणि बंदुकीच्या मापाचा दुपाखी साचा एवढ्यावर काम भागे. जर्मन शिकारी आपल्या आखूड, पेचदार खाचांच्या रायफलीत तेलकट कापडात गुंडाळलेली गोल गोळी ठासत. तिच्यासाठी मऊ, शुद्ध शिसेच उत्तम.

या कामाला जर्मन कल्पनाविश्वात मोठे स्थान आहे. कार्ल मारिया फोन वेबर यांच्या ‘डेर फ्रायश्यूट्स’ या ऑपेरात (बर्लिन, १८ जून १८२१) लांडग्यांच्या दरीत मध्यरात्री सात मंतरलेल्या गोळ्या ओतल्या जातात. सहा नेम साधतात, सातवी सैतानाच्या मर्जीने जाते. कारागिरीचे इतके भेदक नाट्यरूप विरळाच.

आज गोळी-ओतकाम हा नेमबाजांचा छंद आहे. १ जानेवारी १८७१ पूर्वीच्या नमुन्याची एकनळी, एकबारी, टोपीवर उडणारी बंदूक प्रौढांना परवान्याविना घेता येते; काळ्या दारूसाठी मात्र स्फोटक-कायद्याखाली परवाना लागतो. शिशाची धूळ व वाफ मेंदूला आणि मूत्रपिंडांना घातक असते, तर पाण्याचा एक थेंबही वितळलेले शिसे उसळवतो. शिशाच्या विषारीपणामुळेच नववर्षाच्या रात्री भविष्य पाहण्यासाठी ओतायचे शिशाचे संच २०१८ पासून बाजारातून हद्दपार झाले. त्यांची जागा कथील आणि मेणाने घेतली.