पणजोबांची 'विंचेस्टर' खरंच विंचेस्टर आहे का?



समजा, तुम्ही कुरुंदवाडचे. जुनं घर. 2019 च्या पुराचं पाणी ओसरलंय, चिखल काढताना भिंतीतलं कपाट उघडलं आणि आत पणजोबांची रायफल सापडली. गंजलेली. चापाभोवती लोखंडी कडी आहे, ती खाली ओढायची असते एवढं सगळ्यांना ऐकून माहीत. काका म्हणतात, "अमेरिकेची विंचेस्टर आहे, लाखोंची!" आज या वाक्याची परीक्षा घेऊ.

आधी ही वस्तू इथे येईल कशी? कुरुंदवाड हे पटवर्धनांचं संस्थान. 1854 मध्ये त्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पाती झाल्या. 1878 च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला, पण संस्थानिकांना त्यातून सूट होती. शिकार हा तर दरबारी शौकच. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाचं दाजीपूरचं जंगल शिकारीसाठी राखीव होतं, 1958 मध्ये त्याचंच अभयारण्य झालं. 1948 मध्ये कुरुंदवाडची संस्थानं विलीन झाली आणि राजवाड्याच्या सावलीतल्या बंदुकांनाही कागद लागायला लागले. ही 1948 ची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता ओळख. कडी दिसली म्हणजे विंचेस्टर, असं नसतं. आपल्याकडे अशी कडी तीन प्रकारच्या हत्यारांवर सापडू शकते.

पहिली, मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश फौजेनं 1871 मध्ये स्वीकारलेली. कडी ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो, एक काडतूस घालायचं, एक बार काढायचा. काडतुसं साठवायला जागाच नाही.

दुसरी, दोन नळ्यांची जुनी इंग्लिश रायफल. हिची कडी आडवी फिरते आणि बंदूक मधोमध मोडल्यासारखी उघडते.

तिसरी, खरी लिव्हर-अ‍ॅक्शन. कडी खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, घोडा चढलेला. विंचेस्टरच्या 1873, 1886, 1892, 1894 या मॉडेलांत नळीखाली दुसरी बारीक नळी असते, काडतुसं त्यात एकामागे एक झोपलेली. म्हणून तिथे चपट्या तोंडाची गोळी वापरायची. टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं राहतं आणि धक्क्यानं आतच बार होऊ शकतो. 1895 च्या मॉडेलमध्ये मात्र खाली पेटी आहे. थिओडोर रूझवेल्ट 1909 मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा हीच रायफल .405 काडतुसासह घेऊन गेले होते.

आता एक नेहमीची फसगत. नळीवर 'ऑगस्ट 21, 1894' कोरलेलं दिसलं की लोक म्हणतात, 1894 ची आहे! अहो, ती पेटंटची तारीख. बनवण्याचं वर्ष शोधायचं तर खालच्या बाजूचा अनुक्रमांक बघायचा. विंचेस्टर कारखान्याच्या बऱ्याच जुन्या नोंदवह्या अमेरिकेत कोडी गावच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. मिळालेला नंबर त्या नोंदींशी पडताळता येतो.

मग किंमत? 1894 चं मॉडेल सत्तर लाखांहून जास्त बनलं, त्यामुळे नुसत्या नावाला भाव नाही. भाव असतो मूळपणाला. मूळ निळसर-काळा रंग, मूळ दस्ता, न खरवडलेले स्क्रू, नळीच्या आतले शाबूत आटे. म्हणून सँडपेपर खाली ठेवा. चकाचक करायच्या नादात नंबर घासला गेला तर ओळखच गेली. शिवाय आपल्याकडे घेणाऱ्यालाही परवाना लागतो आणि .405 ची काडतुसं सहज मिळत नाहीत. अमेरिकेतल्या लिलावाचा आकडा कुरुंदवाडात लागू होत नाही.

आणि आता ती 1948 ची गोष्ट. रायफल सापडली तर कडी ओढून बघू नका. आत काडतूस असू शकतं. 1959 च्या शस्त्र कायद्यात, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्यापुराण्या हत्याराला सूट आहे. पण आपलं हत्यार त्यात बसतं की नाही, हे काकांनी ठरवायचं नाही. जिथे आहे तिथेच राहू द्या, पोलीस ठाण्याला कळवा आणि रीतसर जमा करा. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. पुरात कागद भिजून गेले असतील तर परवाना कार्यालयात जुनी नोंद आहे का, विचारा. भीतीपोटी रायफल कृष्णेत टाकली किंवा भंगारात घातली, तर तिच्यासोबत घराचा इतिहासही गेला.

जमा करण्याआधी एक काम करा. हात न लावता फोनवर फोटो काढा, नंबर दिसत असेल तर त्याचाही. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर रेकॉर्डर सुरू करून विचारा, "ही आपल्याकडे आली कशी?" भाव कुठलाही दुकानदार सांगेल. हे उत्तर त्याच्याकडे नाही.

भेटू पुढच्या भागात!