कमाटीबागेतली चित्रे

बडोद्यात तीन-चार पिढ्या काढलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना म्युझियम म्हटले की आधी देवमासा आठवतो. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा तो सुमारे ७० फुटी सांगाडा. आजोबांनी वडिलांना दाखवला, वडिलांनी आम्हाला. मग ममी, मग बागेत भेळ, आणि घर. यंदा श्रावणातल्या एका रविवारी मंडळातली आम्ही पाच-सहा कुटुंबे मुलाबाळांसह गेलो, तेव्हा देवमासा मुद्दाम शेवटी ठेवला आणि आधी चित्रशाळेत शिरलो.

युरोपातली जुनी तैलचित्रे पाहून एका मुलाने विचारले, "महाराजांनी या परक्या लोकांचे चेहरे कशाला विकत घेतले?" प्रश्न रास्त होता. आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच पटकन उत्तर देता आले नाही.

घरी येऊन जुनी पुस्तके काढली. म्युझियमची मूळ इमारत १८९४ ची. चित्रशाळेचे बांधकाम त्यानंतर, १९०८ मध्ये सुरू झाले. त्याच्या आगेमागे संस्थानात काय चालले होते? १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे झाले, १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून गावोगावी वाचनालये उघडण्याचे काम हाती घेतले गेले. चित्रशाळा याच मालिकेतली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या, बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेल्या मुलाने पुढे राजा म्हणून हे केले. चित्र पाहायला अक्षर यावे लागत नाही, विलायतेचे तिकीटही लागत नाही. राजवाड्याच्या भिंती काही रिकाम्या नव्हत्या. तरी ही चित्रे बागेत आली, जिथे कोणीही जाऊ शकतो. आमच्या मते त्या मुलाचे उत्तर हेच.

चित्रे निवडायला स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाची मदत घेतली होती. इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि नेमके महायुद्ध पेटले. चित्रे तिकडेच अडकली. चित्रशाळा उघडली ती थेट १९२१ मध्ये. इमारत तयार आणि आत ठेवायचे सामान नाही, हा प्रकार आम्हा सरकारी नोकरांना नवा नाही. पण युद्ध संपल्यावर तरी ही चित्रे सोडून न देता आणवली, याचे आम्हाला अप्रूप वाटते.

पण आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो तो अकोट्याच्या धातुमूर्तींपाशी. १९५१ च्या सुमारास सापडलेल्या या जैन मूर्ती, काही थेट पाचव्या-सहाव्या शतकातल्या. उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास करून ग्रंथ लिहिला. त्यातली चामरधारिणी लहानशीच, पण कमरेची हलकी लचक आणि चेहऱ्यावरची शांतता अशी की आमच्यातल्या बायकासुद्धा दागिने मोजायचे विसरल्या. आमच्यापैकी दोन कुटुंबे आज अकोट्यातच सोसायटीत राहतात. "म्हणजे आपल्या बिल्डिंगखाली?" असे त्यांच्या मुलीने विचारले, आणि ती पुन्हा काचेला नाक लावून उभी राहिली.

बाकीची मुले मात्र देवमासा पाहिल्याशिवाय हलली नाहीत.